पांढऱ्या पट्ट्याचे टायर: हौस, रसायन आणि सुरक्षितता

दिल्लीत थंडीचा कडाका ओसरू लागला की जुन्या मोटारींच्या मेळाव्यांचे दिवस सुरू होतात. 'द स्टेट्समन' या वृत्तपत्राची जुन्या मोटारींची रॅली येथे १९६४ मध्ये सुरू झाली. '२१ गन सॅल्यूट' या नावाने ओळखला जाणारा मेळावा २०११ पासून राजधानी परिसरात भरू लागला. हरियाणातील तावडू येथे २०१३ मध्ये हेरिटेज ट्रान्सपोर्ट म्युझियम उघडले, तेव्हापासून अशा मोटारी वर्षभर पाहण्याची सोयही झाली. या गाड्यांकडे पाहणाऱ्याची नजर प्रथम झळाळत्या बंपरवर आणि दिव्यांवर जाते. त्यानंतर ती खिळते चाकांवर, काळ्या टायरच्या बाजूने फिरणाऱ्या पांढऱ्याशुभ्र वर्तुळावर.

टायरची ही बाजू, म्हणजेच साइडवॉल, सजवण्याची हौस मोटारीइतकीच जुनी आहे. कोणी मूळ पद्धतीचे पांढऱ्या पट्ट्याचे टायर परदेशातून मागवतो, कोणी रबरी कडी बसवतो, कोणी ब्रशने पट्टा रंगवतो, तर तरुण पिढीतील हौशी मंडळी पांढरी किंवा रंगीत अक्षरे चिकटवतात. सजावटीचा विषय म्हणून याकडे सहज पाहिले जाते. मात्र टायरची बाजू हा मोटारीचा भार पेलणारा आणि सतत वाकणारा भाग आहे. तिच्यावर काय करावे आणि काय करू नये, हे समजून घेणे म्हणूनच आवश्यक ठरते.

रबर मुळात काळे नसते

टायर काळाच असतो, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात झाडाच्या चिकापासून बनणारे नैसर्गिक रबर फिकट रंगाचे असते. मोटारींच्या प्रारंभीच्या काळात त्यात झिंक ऑक्साइड मिसळले जाई. त्यामुळे टायर पांढरट दिसत. हे टायर दिसायला देखणे होते, पण लवकर झिजत.

१९०४ च्या सुमारास लंडनजवळच्या सिल्व्हरटाउन येथील इंडिया रबर, गटापर्चा अँड टेलिग्राफ वर्क्स या कंपनीत एक महत्त्वाचा शोध लागला. कंपनीच्या नावातील 'इंडिया' हा शब्द भारतातील कारखान्याचा निदर्शक नाही. त्या काळी इंग्रजीत रबरालाच 'इंडिया रबर' म्हणत. रबरात कार्बन ब्लॅक, म्हणजे काजळीसारखी अतिसूक्ष्म भुकटी मिसळल्यास त्याची मजबुती आणि झीज सोसण्याची क्षमता कित्येक पटींनी वाढते, असे तेथे आढळले. १९१० नंतर अमेरिकेतील गुडरिच कंपनीने टायरसाठी या भुकटीचा वापर सुरू केला. तिला कार्बन ब्लॅक पुरवणारी बिनी अँड स्मिथ ही कंपनी पुढे 'क्रेयोला' या रंगखडूंमुळे जगभर प्रसिद्ध झाली.

कार्बन ब्लॅकचे काम केवळ मजबुतीपुरते नाही. ते सूर्यप्रकाशातील अतिनील किरण शोषून घेते आणि रबराचे आयुष्य वाढवते. टायरमध्ये निर्माण होणारी उष्णता बाहेर वाहून नेण्यासही त्याची मदत होते. प्रारंभी हा पदार्थ टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या भागापुरताच वापरला गेला. झिजणारा भाग तोच असल्याने काळजीही त्याचीच होती. बाजू पूर्वीप्रमाणे पांढऱ्या राहिल्या. पांढऱ्या पट्ट्याच्या टायरचा जन्म असा काटकसरीतून झाला. त्या वेळी संपूर्ण काळा टायर हाच अधिक महाग आणि प्रतिष्ठेचा मानला जात असे.

रुंद पट्टा, अरुंद पट्टा

पुढे फॅशनचे चक्र उलटे फिरले. सर्वच टायर काळे होऊ लागल्यावर पांढरी बाजू दुर्मीळ झाली आणि दुर्मीळ झाल्यामुळे तिला मान मिळाला. १९३० च्या दशकात पांढऱ्या पट्ट्याचे टायर हे श्रीमंती मोटारीचे लक्षण ठरले. पांढरा पट्टा स्वच्छ ठेवण्यासाठी घरी चालक आणि नोकरचाकर असले पाहिजेत, हा त्यामागचा न बोललेला अर्थ होता.

दुसऱ्या महायुद्धात रबराचा तुटवडा निर्माण झाला आणि पांढरे पट्टे जवळपास नाहीसे झाले. युद्धानंतर ते पुन्हा आले. १९५० च्या दशकातील अमेरिकन मोटारींची छायाचित्रे पाहिल्यास रुंद पांढरा पट्टा जवळपास प्रत्येक महागड्या गाडीवर दिसतो. १९५७ च्या कॅडिलॅक एल्डोराडो ब्रोहॅम या मोटारीवर सुमारे एक इंच रुंदीचा अरुंद पट्टा होता. १९६२ च्या मॉडेलांपासून अमेरिकेत हा अरुंद पट्टाच सर्वत्र रूढ झाला.

जुनी मोटार मूळ रूपात आणू पाहणाऱ्याच्या दृष्टीने हा इतिहास उपयोगाचा आहे. १९३८ च्या गाडीला अरुंद पट्टा आणि १९६५ च्या गाडीला रुंद पट्टा बसवणे, हे नऊवारीवर आजच्या पद्धतीचा कोट चढवण्यासारखे आहे. जाणकार परीक्षकाच्या ते लगेच ध्यानात येते. पांढरा पट्टा म्हणजे जुनेपण, असे सरसकट समीकरण मांडणेही चूक आहे. अनेक ब्रिटिश मोटारी कारखान्यातून साध्या काळ्या टायरसहच बाहेर पडत. अशा गाडीला पांढरा पट्टा लावला म्हणजे ती अधिक अस्सल होते, असे नाही.

अक्षरे आणि रंगीत रेषा

१९६० च्या दशकात वेगवान मोटारींचे वेड वाढले आणि पांढऱ्या पट्ट्याची जागा लाल रेषेने घेतली. १९६४ च्या पॉन्टियाक जीटीओ या मोटारीवरील लाल रेषेचे टायर त्या काळाची खूण मानले जातात. त्यानंतर टायरच्या बाजूवर कंपनीचे नाव ठळक, उठावदार पांढऱ्या अक्षरांत दाखवण्याची पद्धत आली. शर्यतीच्या मैदानावरील टायरवर जाहिरातीसाठी रंगवलेली अक्षरे सामान्य ग्राहकाला आवडली, आणि कंपन्यांनी ती कारखान्यातच बनवून देण्यास सुरुवात केली.

रंगीत साइडवॉलचा एक उपयोग मात्र निव्वळ शोभेचा नाही, आणि तो राजधानी परिसरातील प्रेक्षकांनी प्रत्यक्ष पाहिला आहे. ग्रेटर नोएडा येथील बुद्ध आंतरराष्ट्रीय सर्किटवर २०११ ते २०१३ अशी तीन वर्षे फॉर्म्युला वन शर्यत झाली. तिन्ही वेळा सेबास्टियन व्हेटेल विजयी झाला. २०११ पासून या शर्यतींना टायर पुरवणाऱ्या पिरेली कंपनीने टायरच्या बाजूवरील अक्षरांना निरनिराळे रंग दिले होते. त्या वर्षी चंदेरी रंग कठीण रबराचा, पांढरा मध्यम, पिवळा मऊ आणि लाल अतिमऊ रबराचा, अशी योजना होती. कोणती गाडी कोणत्या रबरावर धावते आहे, हे प्रेक्षकाला दुरूनही कळे. हौशी मोटारींच्या टायरवर आज दिसणारी पिवळी व लाल अक्षरे याच शर्यतींची आठवण करून देतात. फरक इतकाच, की रस्त्यावरील गाडीवर त्या रंगाला काही अर्थ उरत नाही.

पट्टा कारखान्यात कसा तयार होतो

खऱ्या पांढऱ्या पट्ट्याच्या टायरवर रंग दिलेला नसतो. टायर घडवतानाच त्याच्या बाजूत पांढऱ्या रबराचा एक थर बसवला जातो. या रबरात कार्बन ब्लॅकऐवजी टायटॅनियम डायऑक्साइड आणि झिंक ऑक्साइड असते. त्यावर काळ्या रबराचा एक पातळ पापुद्रा असतो. साच्यात टायर भाजून पक्का झाल्यावर यंत्राने हा पापुद्रा ठरावीक रुंदीत घासून काढला जातो आणि आतील पांढरा थर उघडा पडतो. उठावदार पांढरी अक्षरेही याच रीतीने बनतात.

येथे रसायनशास्त्राची एक अडचण उभी राहते. रबराला हवेतील ओझोनपासून वाचवण्यासाठी काळ्या टायरमध्ये विशिष्ट संरक्षक रसायने आणि मेण मिसळलेले असते. ती हळूहळू पृष्ठभागावर येतात आणि संरक्षक थर तयार करतात. जुन्या टायरवर दिसणारी तपकिरी छटा त्यांचीच असते. हीच रसायने पांढऱ्या थरात झिरपली, तर तो पिवळा-तपकिरी पडतो. त्यामुळे पांढऱ्या भागासाठी मुळातच ओझोनला दाद न देणारी वेगळ्या जातीची कृत्रिम रबरे वापरावी लागतात, आणि काळ्या व पांढऱ्या थरांमध्ये डाग न पाडणाऱ्या रबराचा आणखी एक अडसर घालावा लागतो. पांढऱ्या पट्ट्याचा टायर साध्या टायरपेक्षा महाग असतो, त्याचे एक कारण या जादा थरांत आहे.

असे टायर बनवणारे कारखाने आज जगात मोजकेच आहेत. अमेरिकेतील चट्टानूगा येथील कोकर टायर ही कंपनी जुन्या साच्यांच्या धर्तीवर टायर बनवण्यासाठी प्रसिद्ध आहे. भारतातील हौशी मालकांना ते आयात करावे लागतात आणि हा मार्ग सोपा राहिलेला नाही. टायरना भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह सक्तीचे करणारा आदेश २००९ मध्ये निघाला. जून २०२० मध्ये नव्या टायरची आयात 'मुक्त' यादीतून 'प्रतिबंधित' यादीत टाकण्यात आली. साहजिकच अनेकांची पावले करोलबाग आणि काश्मिरी गेटच्या बाजारांकडे, स्वस्त पर्यायांच्या शोधात वळतात.

पर्याय आणि त्यांतील धोके

पहिला पर्याय रबरी कड्याचा. 'पोर्टावॉल' या नावाने ओळखले जाणारे हे पांढरे चपटे कडे टायर आणि रिम यांच्या सांध्यात अडकवले जाते. जुन्या आडव्या-तिरप्या धाग्यांच्या टायरची बाजू ताठ असे, म्हणून तेथे हे कडे बऱ्यापैकी निभावून जाई. आजच्या रेडियल टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात फुगते आणि दबते. कडे आणि टायर यांच्यामध्ये धूळ व वाळू शिरते आणि ती सँडपेपरसारखे काम करते. वेग वाढला की कड्याची बाहेरची कड फडफडू लागते. प्रदर्शनात उभ्या असलेल्या गाडीला ते शोभून दिसते. महामार्गावर नेण्याच्या गाडीला ते योग्य नाही.

दुसरा पर्याय रंगाचा. घरातील भिंतीसाठी किंवा लोखंडी फाटकासाठी वापरला जाणारा तेलरंग टायरवर टिकत नाही. तो सुकून कडक होतो, रबर मात्र वाकत राहते. काही दिवसांतच रंगाला तडे जातात आणि पोपडे निघतात. रबरासाठी बनवलेले लवचीक रंग आणि मार्कर पेन यांचा परिणाम बरा असतो. त्यासाठी टायर प्रथम साबणाने धुऊन, वाळवून, अल्कोहोलने पुसून घ्यावा लागतो. टायर चमकवण्यासाठी लावलेल्या सिलिकॉनयुक्त द्रावणाचा अंश राहिला तर कोणताही रंग धरत नाही. रंगाचे थर पातळ असावेत. टायर पुसण्यासाठी पेट्रोल किंवा थिनर वापरण्याची सवय मात्र घातक आहे. त्यामुळे रबर फुगते आणि त्यातील संरक्षक मेण निघून जाते.

तिसरा पर्याय चिकटवायच्या अक्षरांचा. चांगल्या प्रतीची अक्षरे स्वतः रबराची असतात आणि लवचीक गोंदाने बसवली जातात. टायरबरोबर तीही वाकतात, त्यामुळे रंगापेक्षा अधिक काळ टिकतात. कागदी किंवा प्लास्टिकच्या पट्ट्या मात्र पहिल्याच पावसात सुटू लागतात.

चौथा प्रकार सर्वांत धोक्याचा आहे. टायरवरील उठावदार अक्षरे ग्राइंडरने घासून काढणे, किंवा आत पांढरा थर असेल या आशेने काळा पापुद्रा खरवडणे, असे प्रयोग काही जण करतात. साध्या काळ्या टायरच्या आत पांढरा थर नसतोच. बाजूचे रबर काही मिलिमीटरच जाड असते आणि त्याखाली भार पेलणाऱ्या धाग्यांचे थर असतात. ग्राइंडर किंचित खोल गेला तर हे धागे उघडे पडतात किंवा तुटतात. अशा टायरला पंक्चरसारखे ठिगळ लावता येत नाही. तो धावत्या गाडीखाली फुटू शकतो.

दिल्लीची हवा आणि उभी गाडी

राजधानी परिसरात टायरच्या बाजूला आणखी एका शत्रूशी सामना करावा लागतो. येथील उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. वाहनांच्या धुरातील वायूंवर प्रखर ऊन पडले की जमिनीलगत ओझोन तयार होतो. देशाच्या हवा-गुणवत्ता मानकांनुसार ओझोनची आठ तासांची सरासरी मर्यादा घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम आहे, आणि दिल्लीच्या उन्हाळ्यात ती ओलांडली जाते. माणसाच्या फुप्फुसांना अपायकारक असलेला हा वायू रबरातील रासायनिक बंध तोडतो. ताणलेल्या रबरावर त्याचा परिणाम अधिक होतो आणि बाजूवर बारीक भेगांचे जाळे उमटते.

रोज धावणाऱ्या गाडीत टायर वाकत राहिल्याने आतील संरक्षक मेण पृष्ठभागावर येत राहते. हौशी मोटार वर्षातून चार-सहा वेळाच बाहेर पडते. तिच्या टायरची नक्षी नव्यासारखी दिसते, पण बाजू आतून म्हातारी होत असते. अशा वेळी भेगांवरून फिरवलेला पांढरा रंग टायर सुंदर दाखवतो आणि धोका झाकून टाकतो. सजावटीतील खरी जोखीम हीच आहे.

बाजूवर लिहिलेले वाचता आले पाहिजे

टायरची बाजू ही त्याची ओळखपत्रिका असते. '१८५/६५ आर १५ ८८ एच' अशा ओळीत टायरची रुंदी १८५ मिलिमीटर, उंचीचे रुंदीशी प्रमाण ६५ टक्के, रचना रेडियल आणि रिम १५ इंच, असा अर्थ असतो. ८८ हा भारांक एका टायरवर ५६० किलोग्रॅमपर्यंतचा भार चालतो असे सांगतो, तर 'एच' हे अक्षर ताशी २१० किलोमीटरची वेगमर्यादा दाखवते.

याशिवाय 'डीओटी' या अक्षरांनंतरच्या संकेतात शेवटचे चार अंक निर्मितीचा आठवडा आणि वर्ष दाखवतात. '२३२३' म्हणजे २०२३ मधील तेविसावा आठवडा. २००० पूर्वी हा संकेत तीन अंकी होता. त्यामुळे एखाद्या हौशी मोटारीच्या टायरवर तीनच अंक दिसले, तर तो टायर पंचवीस वर्षांहून जुना आहे हे निश्चित समजावे, मग तो कितीही चकचकीत दिसो. मिशेलिनसारख्या कंपन्या पाच वर्षांनंतर दरवर्षी टायरची तपासणी करण्याचा आणि दहा वर्षांनंतर तो बदलण्याचा सल्ला देतात. रंग, अक्षरे किंवा कडे यांखाली ही माहिती झाकली जाणार नाही, एवढी दक्षता प्रत्येक मालकाने घेणे आवश्यक आहे. जुनी गाडी विकत घेणाऱ्यानेही किंमत ठरवण्यापूर्वी हे अंक शोधून वाचावेत. टायरच्या बाहेरच्या बाजूस ते नसतील, तर आतील बाजूस पाहावे.

कायदा काय सांगतो

टायरवरील पट्ट्याच्या रंगाची नोंद वाहनाच्या नोंदणी प्रमाणपत्रात नसते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये वाहनातील बदलांवर निर्बंध आहेत. उत्पादकाने ठरवलेल्या आणि नोंदणीत नमूद होणाऱ्या तपशिलांत फरक पडेल असा बदल करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळमधील एका प्रकरणात स्पष्ट केले. पांढरा पट्टा या प्रकारात मोडत नाही. टायरची सुस्थिती मात्र कायद्याच्या कक्षेत येते. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार टायरमधील धागे उघडे पडलेले असता कामा नयेत, आणि मोटारीच्या टायरच्या नक्षीची खोली किमान १.६ मिलिमीटर असली पाहिजे. ग्राइंडरचा प्रयोग फसल्यास गाडी या नियमात अडकू शकते.

दिल्ली परिसरात जुन्या मोटारींचा प्रश्न अधिक नाजूक आहे. राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशांनुसार येथे दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल वाहनांवर निर्बंध आले. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१८ मध्ये ते उचलून धरले आणि २०२५ मध्ये हा विषय पुन्हा त्याच न्यायालयापुढे आला. ऐतिहासिक मोटारींसाठी केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये स्वतंत्र नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात जतन केलेली दुचाकी व चारचाकी वाहने 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येतात. त्यांच्या क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे असतात. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये, तर फेरनोंदणीचे ५ हजार रुपये ठरवण्यात आले, आणि नोंदणीची मुदत दहा वर्षांची आहे. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे किंवा दुरुस्ती यांसारख्या कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते. सांगाडा, बाह्य बांधणी आणि इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, ही मुख्य अट आहे.

या अटीत टायरचा उल्लेख नाही आणि ते स्वाभाविकही आहे. पन्नास वर्षांपूर्वीच्या गाडीवर पन्नास वर्षांपूर्वीचा टायर ठेवणे म्हणजे जतन नव्हे, तो जिवाशी खेळ आहे. जतनाच्या दृष्टीने टायर ही बदलायचीच वस्तू आहे. तिचे रूप जुने असावे, रबर मात्र नवे असावे.

पांढऱ्या पट्ट्याची निगाही साधी आहे. कारखान्यातून येताना त्यावर बहुधा निळसर संरक्षक लेप असतो, तो पाण्याने धुऊन काढावा. नंतर सौम्य साबण, पाणी आणि मऊ ब्रश पुरेसा असतो. गाडी बराच काळ उभी राहणार असल्यास ती सावलीत ठेवावी, हवेचा दाब तपासत राहावा आणि अधूनमधून चार-पाच किलोमीटर फिरवून आणावी. पट्टा घासताना बाजूवरील भेगा, फुगवटे आणि ओरखडे यांकडे आपोआप लक्ष जाते. पांढरा पट्टा स्वतः स्वच्छ करणाऱ्या मालकाला टायरचे दुखणे इतरांआधी कळते, आणि या हौशीचा सर्वांत मोठा लाभ बहुधा हाच आहे.